दिवसाला दोन, ताब्यात सहा

एक माळ होता. माळावर गवत होतं, गवतात पक्षी होते, आणि पक्षी होते म्हणून त्यांना खाणारेही होते. खाणारे थोडे आणि खाल्ले जाणारे पुष्कळ, त्यामुळे तिथे लोकशाही होती. ठरल्या हंगामाला तितर, लावे, चंडोल रांगेत उभे राहात, ज्याच्या त्याच्या ढिगावर एकेक खडा टाकत आणि खाणाऱ्यांपैकीच कोणाला तरी निवडून देत. आपल्यातलं कोणी उभं का राहात नाही, असं एका लाव्यानं एकदा विचारलं होतं. राज्य करायला दात लागतात, असं त्याला सांगितलं गेलं. त्याला ते पटलं.

त्या माळावर घाणेरीच्या जाळीत भागा नावाची तितरीण राहायची. तिचा नवरा केरबा पिल्लं अंड्यात असतानाच गेला. कुठे गेला, हे तिथे कोणी कोणाला विचारत नसे. मागे राहिली भागा आणि तिची नऊ पिल्लं. शेजारी गोदाक्का नावाची थोराड लावी होती. तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं, आणि जे ठाऊक नसायचं ते ती अधिक खात्रीनं सांगायची.

पूर्वी माळावर कायदा असा नव्हता. कोणाला भूक लागली की तो एखादा पक्षी धरायचा, खायचा आणि झोपायचा. रंगराव खोकड तर एका लाव्यावर दोन दिवस काढी. पण पक्ष्यांना जीव मुठीत धरून जगावं लागे. मग एका निवडणुकीत तात्यासाहेब रानबोका उभे राहिले. अंगानं भरलेले, मिशा पांढऱ्या, बोलणं सायीसारखं. त्यांची निशाणी पंख होती. सभेला ते खराखुरा पंख तोंडात धरूनच यायचे.

"बंधूंनो आणि भगिनींनो," पंख खाली ठेवून ते म्हणाले, "आजवर तुम्हाला कोणीही, केव्हाही, कितीही खाल्लं. याला राज्य म्हणत नाहीत. मी शब्द देतो, इथून पुढे तुम्हाला नियमानं खाल्लं जाईल."

टाळ्यांनी गवत हललं. "मोजून खाऊ, मिळून राहू" अशी घोषणा निघाली, आणि ज्यांना खायचं होतं त्यांच्यापेक्षा ज्यांना खाल्लं जाणार होतं तेच ती मोठ्यानं देत होते.

तात्यासाहेब निवडून आले आणि त्यांनी खरोखरच कायदा केला. तो समजावून सांगायला मोजणीदार मुंगूस गावोगाव, म्हणजे जाळीजाळीत फिरला. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब लाच घेत नसत. मोजणं हेच त्यांचं खाणंपिणं. मोजायला काही मिळालं नाही तर ते स्वतःच्या शेपटीवरचे केस मोजत बसत.

"दोन मर्यादा आहेत, नीट ऐका," वारुळावर उभं राहून भाऊसाहेब म्हणाले. "पहिली शिकारीची. एका जणानं एका दिवसात दोनच पक्षी धरायचे. दुसरी ताब्याची. कालचे, परवाचे, उरलेसुरले धरून एकाच्या ताब्यात एका वेळी सहाच पक्षी असायचे. सातवा सापडला की जप्त."

भागानं पंख वर केला. "भाऊसाहेब, आज दोन धरले, आजच खाल्ले, उद्या पुन्हा दोन धरले, तर?"

"तर ताब्यात दोनच."

"आणि पोटात चार."

"बाई, पोटातलं ताब्यात धरत नाहीत. पोट ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे."

गोदाक्का भागाच्या कानाशी लागली. "गप की गं. इतकं चांगलं मिळतंय आणि तुझे फाटे."

कायदा लागू झाला आणि पहिल्याच आठवड्यात एक चमत्कार दिसला. दोन दिवसांत एक लावा खाणारा रंगराव खोकड रोज दोन धरायला लागला. भरल्या पोटानं धापा टाकत तो संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचा. वाटेत कोणी विचारलं की म्हणायचा, "भूक नाही हो. पण दोन आपल्या हक्काचे आहेत. सोडले तर वाया जातात." घारीनंही तेच केलं, घोरपडीनंही तेच केलं. जिथे भूक थांबायची तिथे आता कायदा थांबायला लागला, आणि कायद्याचं पोट भुकेपेक्षा मोठं निघालं. पण सगळं मोजून चाललं होतं. मेलेल्या पक्ष्याच्या घरचे लोकसुद्धा म्हणायचे, गेला, पण नियमात गेला.

तात्यासाहेब समतेचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी कायद्यात घातलं होतं, की माळावरच्या प्रत्येक रहिवाशाला सारखाच हक्क. त्यामुळे सशालाही रोज दोन पक्षी धरायचा हक्क मिळाला. ससा गवत खायचा. रंगराव त्याला येऊन भेटला आणि म्हणाला, "तुझे दोन मला दे, तुझ्या बिळाकडे मी बघणार नाही." सशानं दिले. हरणांनी आपले घारीला दिले. आणि तोच हक्क, तीच मर्यादा, लाव्यांना आणि तितरांनाही लागू झाली. त्याचा अर्थ काय, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ताब्याच्या मोजणीची मोहीम निघाली तेव्हा आलं.

भाऊसाहेब आधी रंगरावाच्या बिळात गेले. ताब्यात शून्य. घारीच्या घरट्यात शून्य. तात्यासाहेबांच्या गुहेत तर इतकी स्वच्छता, की एक पीससुद्धा नव्हतं. "सगळ्या माळावर ताब्यात एकही पक्षी नसलेला एकच पुढारी आहे," असं तात्यासाहेबांच्या माणसांनी दवंडी पिटून सांगितलं.

मग भाऊसाहेब भागाच्या जाळीत आले.

"पंख उचला, बाई."

भागानं पंख उचलला. खालून नऊ चोची बाहेर आल्या.

भाऊसाहेबांनी मोजलं. पुन्हा मोजलं. त्यांच्या डोळ्यांत समाधान दाटून आलं. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा गुन्हा सापडला होता. "ताब्यात नऊ. मर्यादा सहा. तीन जास्तीचे."

"अहो, ही माझी पिल्लं आहेत."

"पक्षी आहेत ना?"

"पक्षीच आहेत."

"तुमच्या पंखाखाली आहेत ना?"

"मग कोणाच्या पंखाखाली असतील?"

"झालं तर मग. अमावास्येला येतो. तीन काढून ठेवा. तात्यासाहेबांच्या संगोपन केंद्रात जमा होतील. त्यांच्या ताब्यात सहाची जागा रिकामीच असते."

ती का रिकामी असते, हे भागाला विचारावं लागलं नाही. तिनं पंख खाली घेतला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सशाकडे गेली. "दादा, माझी तीन तुमच्या नावावर लावून घ्या. राहतील माझ्याजवळच. नाव तेवढं तुमचं."

सशाचे कान पडले. "वहिनी, माझ्या नावावर रंगरावानं आधीच सहा लावलेत."

"तुमच्या बिळात तर एकही नाही."

"नाही ना. पण नावावर आहेत. मी काय म्हणणार?"

गोदाक्काकडे स्वतःची सात होती. आजूबाजूच्या प्रत्येक घरात हेच. मग भागा थेट तात्यासाहेबांकडे गेली. तात्यासाहेब गुहेच्या तोंडाशी उन्हात पडले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्येच डोळे पुसले.

"ताई, आईचं काळीज मला कळतं. केंद्रात पिल्लांना काही कमी पडणार नाही."

"साहेब, पण कोणती तीन देऊ?"

"ते सरकार सांगणार नाही," तात्यासाहेब म्हणाले. "सरकार भेदभाव करत नाही. तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे."

भागा परत निघाली. वाटभर ती नऊ जणांची तोंडं डोळ्यांपुढे आणत होती, आणि प्रत्येक तोंडाशी थांबून पुढे जात होती. एक सारखं हगायचं, एक सारखं रडायचं, एक तर कधी ऐकायचंच नाही. पण देण्याजोगं त्यात एकही नव्हतं.

दुपार कलल्यावर तिनं पिल्लांना वाळवी टिपायला वारुळाकडे नेलं. टिपणं रंगात आलं आणि गवत हललं. रंगराव खोकड समोर उभा.

पिल्लं जागच्या जागी दगड झाली. भागानं मग तेच केलं जे तितरांच्या बायका करत आल्या आहेत. ते कोणी शिकवत नाही, अंगातच असतं. ती पिल्लांपासून लांब धावली, डावा पंख मोडल्यासारखा जमिनीवर पसरला आणि फरफटत, धडपडत, केविलवाणी ओरडत रंगरावाच्या पुढून निघाली. मोडक्या पंखाची तितरीण म्हणजे आयतं जेवण. रंगराव तिच्यामागे वळला. पिल्लांपासून पुरतं लांब नेल्यावर ती भुर्रकन उडाली.

"रंगराव, एक झाला," वारुळामागून आवाज आला.

भाऊसाहेब मोजणीला बाहेर पडले होते.

"काय एक झाला?" रंगराव म्हणाला.

"पक्षी. तुमच्यापुढे जखमी होऊन पडला."

"मी तिला पंजासुद्धा लावला नाही."

"कायद्यात पंजाचं काही नाही. शिकाऱ्यापुढे जखमी झालेला पक्षी, तो सापडो न सापडो, त्याच्या त्या दिवसाच्या दोनांत धरावा. तुम्ही लोक एकाला चावून सोडून द्यायचे आणि पुढचा जाडा बघून धरायचे, म्हणून हे कलम घातलं. घालताना तुम्हीच पंजा वर केला होता."

"अहो, ती बघा, बाभळीवरून उडत चाललीय."

"म्हणजे सापडली नाही. पण जखमी होती. एक." भाऊसाहेबांनी जमिनीवर नखानं रेघ ओढली. "आणि सापडेपर्यंत ती तुमच्याच ताब्यात धरायची."

बाभळीच्या शेंड्यावर भागा बसली होती. तिनं हे सगळं ऐकलं. कायद्याचा हा भाग तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

तिनं गोदाक्काला सांगितलं. "अक्का, उद्या तू रंगरावापुढे पड."

"मी? या वयात?"

"फक्त पंख ओढायचा. भाऊसाहेब जवळपास आहेत ना, तेवढं बघ."

गोदाक्का पडली. पडताना एकदा शिंकली, पण भाऊसाहेबांनी मोजलं. मागोमाग भागा पडली. दोन झाले. रंगरावाचा दिवस सूर्य वर यायच्या आत संपला. सशाच्या दोनांचाही उपयोग नव्हता, कारण सशाच्या नावावर सहा आधीच लागले होते. भाऊसाहेब शेजारी बसून राहिले, म्हणून त्याला तिसरा धरता येईना. रोज असंच चाललं, आणि त्याच्या ताब्यात सहा जमले.

"आता नवीन धरता येणार नाही," भाऊसाहेब म्हणाले. "ताबा भरला. आधी ते सहा खा."

"कुठे आहेत ते?"

"तुमच्या ताब्यात."

"मला तरी दाखवा."

"रंगराव, तुमच्या ताब्यातली चीज मी का दाखवू?"

ही गोष्ट माळभर झाली. लाव्यांनी आणि तितरांनी पाळ्या लावल्या. सकाळी घारीपुढे अमुक, घोरपडीपुढे तमुक. काहींना त्यात गोडी लागली. एक म्हातारा लावा दोन्ही पंख ओढत, डोळे मिटून, शेवटचं पाणी मागत पडायचा. गोदाक्का त्याला म्हणायची, "मामा, एवढं नको. एक पंख पुरे." तो म्हणायचा, "पोरी, काम करायचं तर मन लावून करावं."

भागा मात्र दुसरीकडे कुठे गेली नाही. ती जिवाभावाच्या पाचजणींना घेऊन तात्यासाहेबांच्या गुहेसमोर जाऊन पडत राहिली. भाऊसाहेब तिथेही रेघा ओढत होते. तात्यासाहेब मिशीवरून पंजा फिरवत भागाकडे टक लावून बघत राहिले.

अमावास्या आली. भाऊसाहेब भागाच्या जाळीत आले. "तीन काढा, बाई."

"काढते की. पण जमा कुठे करणार?"

"तात्यासाहेबांच्या केंद्रात."

"त्यांच्या ताब्यात सध्या किती आहेत?"

भाऊसाहेब थांबले. त्यांचे ओठ हलले. "सहा."

"आणि माझी तीन धरून?"

"नऊ," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. तात्यासाहेबांवर गुन्हा दाखल करायची वेळ आली असती. त्यांनी डोकं खाजवलं, शेपटीचे केस मोजले, आणि अखेर निकाल दिला. "केंद्रात जागा होईपर्यंत पिल्लं तूर्त जागेवरच राहतील."

भागानं पंख पसरला. नऊच्या नऊ आत शिरली.

खाणाऱ्यांवर मात्र वाईट दिवस आले. रंगराव नाकतोडे खायला लागला. घारीनं सरडे धरले. तात्यासाहेबांचं पोट पाठीला लागलं, तरी ते लोकांना सांगायचे की उपास चालू आहे. कायदा बदलायचा तर पुन्हा मतं मागायला हवीत, अशी तिथली रीत होती. म्हणून तात्यासाहेबांनी मुदतीआधीच निवडणूक लावली.

या वेळी पक्ष्यांनी ठरवलं की आपलंच माणूस उभं करायचं. भागा नको नको म्हणत होती. गोदाक्का म्हणाली, "भागे, केंद्र कायमचं बंद करायचं असेल तर तूच बस तिथे. नाहीतर जागा कधी रिकामी होईल सांगता यायचं नाही." ते खरं होतं. भागा उभी राहिली. तिनं एकच गोष्ट सांगितली, की पंखाखालचं कोणी मोजणार नाही. दातांचं काय, असं एकानं विचारलं. भागा म्हणाली, "दातवाल्यांनी काय केलं ते तू बघितलंस ना?" लोक हसले. वारं भागाच्या बाजूनं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी तात्यासाहेबांची सभा होती. पक्षी निव्वळ गंमत बघायला जमले. तात्यासाहेब आले ते मागचा पाय ओढत. फरफटत, धडपडत, जागोजाग थांबत. रंगरावानं त्यांना आधार द्यायला पंजा पुढे केला. तात्यासाहेबांनी तो हळूच बाजूला केला आणि एकटेच दगडावर चढले.

पुढचे लावे माना उंचावून बघायला लागले.

"काही नाही," तात्यासाहेब म्हणाले. "रात्री काही लोक आले होते. कोण होते, ते मी सांगणार नाही. मी सुडाचं राजकारण करत नाही." असं म्हणून त्यांनी भागाकडे बघितलं. "माझा पाय गेला तरी चालेल, तुमच्या पिल्लांच्या पायात काटा मोडता कामा नये."

कडेला उभे असलेले भाऊसाहेब सवयीनं म्हणाले, "जखमी एक. कोणाच्या नावावर धरू?"

"असू द्या, भाऊसाहेब," तात्यासाहेब कण्हले. "मी त्यांना माफ केलंय."

चंडोल रडायला लागले. दोन्ही पंख ओढणारा म्हातारा लावा तर हुंदके देत होता. भागाभोवतीचे पक्षी हळूहळू सरकले आणि तिच्याभोवती मोकळी जागा झाली.

संध्याकाळी तात्यासाहेबांची दुसरी सभा ओढ्याकाठी झाली. भागा तिथेही गेली आणि नीट बघून आली. मग गोदाक्काला गाठून म्हणाली, "अक्का, सकाळी डावा पाय ओढत होते. आत्ता उजवा."

"मग?"

"मग काय? अगं, आपण रोज हेच करतो. तुला कळत नाही का?"

गोदाक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. "आपण करतो ते वेगळं. आपण लबाडी करतो. त्यांना खरंच दुखतंय गं. आणि तुला डाव्या-उजव्याचं पडलंय."

"दुसरा पाय दुखायला लागला तो कसा?"

"एकाचा भार दुसऱ्यावर येणारच की."

भागानं आणखी चारचौघांना सांगून बघितलं. एक तितर म्हणाला, "वहिनी, हरायची भीती वाटली की माणूस असं बोलतं."

दुसऱ्या दिवशी खडे पडले. भागाच्या ढिगावर चिमणीनं टिपावेत इतके होते. तात्यासाहेबांचा ढीग वारुळाएवढा झाला, आणि त्या ढिगावर तात्यासाहेब एका उडीत चढले.

पहिला हुकूम तिथूनच निघाला. जखमींची मोजणी बंद. ताब्यात नसलेले आजवरचे सगळे ताबे माफ. आणि लोकांच्या अलोट प्रेमाला मान देऊन शिकारीची मर्यादा दिवसाला चार, ताब्याची बारा. पिल्लावाल्या पक्ष्यांना मात्र जुनीच सहा, कारण त्यांना सवय झाली होती.

भाऊसाहेब भागाजवळ आले. त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं. "केंद्रात आता जागा झालीय, बाई. दिवस मावळताना मी येतो."

भागा धावतच जाळीकडे गेली. दुपार होती. पिल्लांच्या पंखांना पिसं फुटली होती, पण त्यांना अजून कोणी उडायला लावलं नव्हतं, कारण पंखाखाली ऊब होती. भागानं त्यांना बाभळीखाली आणलं आणि स्वतः खालच्या फांदीवर जाऊन बसली.

"या वर."

"आई, खालीच बरं आहे," एक म्हणालं.

"खाली आजपासून मोजतात. या वर."

पहिलं पडलं. दुसरं फांदीपर्यंत आलं आणि चुकलं. एकानं उडी मारली ती काट्यात. दिवस कलत गेला, तशी ती एकेक करून धापा टाकत फांदीवर लागली. शेवटचं एकटं खाली राहिलं. तेच, कधी न ऐकणारं. ते मातीत बसून म्हणालं, "मी नाही." भागा खाली आली, त्याच्या पाठीवर चोचीनं सणसणीत टोचलं, आणि रागाच्या भरात ते जे उडालं ते सगळ्यांच्या वरच्या फांदीवर गेलं.

दिवस मावळताना भाऊसाहेब आले. भागा जाळीत एकटी बसली होती.

"पंख उचला, बाई."

तिनं उचलला. खाली पाचोळा होता.

"ताब्यात काही नाही," भागा म्हणाली.

भाऊसाहेबांनी बाभळीकडे बघितलं. वर एका ओळीत आठ चोची आणि त्यांच्याही वर एक, अशा नऊ अंधुक दिसत होत्या. रेघ ओढायला त्यांनी नख उचललं आणि परत खाली ठेवलं. मग म्हणाले, "वरचं मला मोजता येत नाही. मान दुखते." आणि निघून गेले.

भागा उडून फांदीवर पिल्लांशेजारी जाऊन बसली. खाली गोदाक्का आपली सात गोळा करत होती. तिची अजून उडण्याजोगी नव्हती.

"भागे, बघितलंस का?" ती खालून म्हणाली. "तात्यासाहेब आत्ता ओढा ओलांडून गेले. टुणकन. दोन्ही पाय ठणठणीत."

"बघितलं, अक्का."

"आपल्या मतांचा गुण," गोदाक्का समाधानानं म्हणाली, आणि उद्याच्या चारांत आपला नंबर लागू नये म्हणून अंग चोरून गवतात बसली.